संगणकावरील खेळाचें चित्रग्रहण

खेळ हा क्षणाचा असतो. कुस्तीचा डाव, चेंडूचा अवघड झेल, बुद्धिबळाच्या पटावरील एखादी अनपेक्षित चाल, हें सारें घडतें आणि सरतें. पाहाणाराच्या स्मृतींत जें उरेल तेंच त्याचें आयुष्य. म्हणूनच खेळाची नोंद करून ठेवण्याची इच्छा चित्रपटाच्या जन्माइतकीच जुनी आहे. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिए बंधूंचीं हलतीं चित्रें भारतांत प्रथम दाखविण्यांत आलीं. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे मुंबईंत छायाचित्रणाचा व्यवसाय करीत. त्यांनीं विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ सालीं हँगिंग गार्डनमध्यें झालेल्या एका कुस्तीचें चित्रण केलें. भारतीय माणसानें केलेल्या अगदीं पहिल्या चित्रणांत त्याची गणना होते. मराठी माणसाच्या हातीं चित्रपटाचें यंत्र आलें तेव्हां त्यानें त्यापुढें प्रथम मल्ल उभे केले, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आज पुष्कळ खेळांचें मैदान पडद्याच्या आंत असतें. खेळणारा आपल्या खोलींत खुर्चीवर बसलेला असतो आणि त्याचा पराक्रम संगणकाच्या काचेवर घडत असतो. हे खेळ आतां परदेशांतूनच येतात असेंही नाहीं; पौराणिक कथांचा आधार घेऊन रचलेला ‘राजी’ हा खेळ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या मंडळीनें २०२० सालीं प्रसिद्ध केला. अशा खेळाचें चित्रण करावयाचें तर समोर कॅमेरा ठेवण्याचें कारण नसतें. जो संगणक खेळ चालवितो, तोच आपल्या पडद्यावर उमटणारें प्रत्येक चित्र टिपून ठेवूं शकतो. २००५ सालीं यूट्यूब व २०११ सालीं ट्विच सुरू झाल्यापासून अशीं चित्रणें पाहाणारांचा व करणारांचा एक मोठा वर्गच निर्माण झाला आहे. घरोघरचीं मुलें ह्या उद्योगाकडे ओढलीं जात आहेत आणि आईबापांपुढें प्रश्न उभा राहातो कीं, ह्यांत कांहीं विद्या आहे कीं केवळ वेळेचा अपव्यय आहे? चित्रण कसें होतें हें समजल्यावांचून ह्या प्रश्नाचें उत्तर देतां येत नाहीं.

ह्या दृष्टीनें नंदुरबार जिल्ह्याचें उदाहरण उद्बोधक आहे. तापीचें खोरें आणि सातपुड्याचे डोंगर ह्यांत पसरलेला हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून वेगळा झाला. ह्याच जिल्ह्यांतील शहादा तालुक्याच्या टेंभली गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिले आधार क्रमांक देण्यांत आले. बोटांचे ठसे, डोळ्यांतील बुबुळें आणि चेहरा, ह्यांचीं चित्रें संगणकानें टिपून घेण्याच्या त्या प्रचंड कामाचा आरंभ मुंबई-पुण्यास न होतां सातपुड्याच्या पायथ्याशीं झाला. तेव्हां संगणकानें चित्र टिपणें ही गोष्ट ह्या भागास अपरिचित नाहीं. फरक इतकाच कीं, आधारसाठीं माणसाला क्षणभर स्थिर बसवून एकेक चित्र घ्यावयाचें होतें. खेळाचें चित्रण करतांना कोणीच स्थिर बसत नाहीं, आणि एका सेकंदांत साठ चित्रें घ्यावीं लागतात.

हा साठ आंकडा काय सांगतो तें पाहिलें पाहिजे. मूकपटाच्या काळीं सेकंदास सोळाच्या आसपास चित्रें पुरत; बोलपट आल्यावर चोवीस हें प्रमाण ठरलें. संगणकावरील खेळांतील हालचाल मात्र फार द्रुत असते, म्हणून तिचें चांगलें चित्रण सेकंदाला साठ चित्रांचें करतात. ह्या प्रत्येक चित्रास फ्रेम म्हणतात. पडद्यावरील फ्रेम बारीक ठिपक्यांची बनलेली असते. ह्या ठिपक्याचें नांव पिक्सेल. आज सर्वत्र रूढ असलेल्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० असे एकूण २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलचा रंग लिहून ठेवण्यास तीन बाइट लागतात असें धरलें, तर एका फ्रेमला बासष्ट लाखांहून अधिक बाइट होतात, आणि सेकंदाच्या साठ फ्रेमना सुमारें ३७३ मेगाबाइट. ह्या हिशेबानें तासाभराच्या खेळास १,३४० गिगाबाइटांहून अधिक जागा लागेल. सामान्य घरांतील संगणकाची संपूर्ण हार्ड डिस्क एका तासांतच भरून जाईल. इतकेंच नव्हे, तर फिरत्या तबकडीच्या डिस्कला एवढ्या वेगानें लिहितांच येणार नाहीं.

म्हणून चित्रणाचा खरा आत्मा टिपण्यांत नसून संक्षेपांत आहे. हा संक्षेप कसा होतो, हें नंदुरबारच्या मिरचीबाजारांतील व्यापाऱ्याच्या वहीवरून चांगलें समजतें. व्यापारी दर घटकेला गोदामांतील सर्व पोतीं नव्यानें मोजून लिहीत नाहीं. सकाळीं एकदां शिल्लक मांडतो आणि मग दिवसभर किती आलें, किती गेलें, एवढेंच लिहितो. कोणत्याही क्षणाची शिल्लक त्यावरून काढतां येते. संगणकही तसेंच करतो. एक फ्रेम पूर्ण लिहितो. पुढील फ्रेममध्यें मागच्याहून जें बदललें असेल तेवढेंच लिहितो. आणि कांहीं सेकंदांनीं पुन्हां एक पूर्ण फ्रेम मांडतो, म्हणजे हिशेबांत चूक राहिलीच तर ती पुढें लांबत नाहीं. ह्याशिवाय मनुष्याचा डोळा उजेड-अंधाराचे भेद जितके बारकाईनें पाहातो तितके रंगांचे पाहात नाहीं, ह्याचा लाभ घेऊन रंगाची नोंद चार पिक्सेलांमिळून एकदांच केली जाते. अशा रीतीनें लिहिण्याची एच. २६४ नांवाची पद्धति २००३ सालीं मान्य झाली आणि आजही तीच सर्वाधिक प्रचारांत आहे. तिच्यामागून २०१३ सालीं एच. २६५ व २०१८ सालीं ए. व्ही. १ ह्या अधिक काटकसरी पद्धति आल्या. त्यांना तेवढ्याच दर्जाला जागा कमी लागते, परंतु गणिताचे श्रम अधिक पडतात.

वहीच्या ह्या दृष्टांतावरून आणखी एक गोष्ट उलगडते. बाजार मंद असेल त्या दिवशीं वहीचें अर्धें पानही भरत नाहीं. तेजीच्या दिवशीं पानें पुरत नाहींत. खेळांतही नायक एका जागीं उभा असेल तर बदल थोडा असतो. पण पाऊस, धूर, हलणारें गवत आणि एकदम फिरणारी दृष्टि, अशा प्रसंगीं पडद्याचा कण अन् कण बदलतो. प्रत्येक सेकंदास अमुकच पानें वापरावयाचीं असा कडक नियम घातला, तर अशा वेळीं लेखनिक भरभर कांहींतरी खरडतो आणि चित्रांत चौकोनी ठोकळे दिसूं लागतात. सेकंदास किती बिट खर्च करावयाचे, ह्या प्रमाणाला बिटरेट म्हणतात. जें चित्रण त्याच क्षणीं लोकांना दाखवावयाचें असतें त्याचा बिटरेट ठराविक ठेवणें भाग पडतें, कारण तारेची वहनशक्ति ठराविक असते. घरीं साठवून ठेवण्याच्या चित्रणाला असें बंधन नाहीं. तेथें दर्जा स्थिर ठेवावा आणि जागा लागेल तशी लागूं द्यावी, हेंच योग्य. चित्रणाच्या साधनांत ह्यासाठीं एक आंकडा निवडावयाचा असतो. साधारणपणें १८ ते २३ ह्यांमधील आंकडा चांगला समजतात, व तो जितका लहान तितका दर्जा वरचा.

आतां हें सर्व लेखन कोणी करावयाचें, हा प्रश्न उरतो. दादासाहेब फाळके ह्यांनीं १९१२ सालीं वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली, ती ठराविक अंतरानें एकेक फ्रेम घेऊन. तेथें काळ त्यांच्या मुठींत होता. रोप त्यांच्यासाठीं थांबत होतें. संगणकाच्या खेळांत काळ थांबत नाहीं. सेकंदास साठ फ्रेम म्हणजे प्रत्येकीस एक षष्ठांश नव्हे, तर सेकंदाचा साठावा भाग. एवढ्या अवधींत संगणकानें खेळाचें गणित करावयाचें, चित्र रेखावयाचें आणि त्याचा संक्षेपही लिहावयाचा. प्रोसेसरवर ही दोन्ही ओझीं टाकलीं तर खेळ अडखळतो किंवा चित्रणांतील फ्रेम गळतात. आणि गळलेली फ्रेम पुन्हां मिळत नाहीं. ह्या अडचणीवर यंत्रकारांनीं युक्ति काढली ती स्वतंत्र लेखनिक नेमण्याची. २०११ सालीं इंटेलनें आपल्या प्रोसेसरांत आणि २०१२ सालीं एन्व्हिडियानें आपल्या ग्राफिक्स कार्डांत केवळ चित्रलेखनाचें काम करणारा वेगळा भाग बसविला. ए. एम. डी.च्या कार्डांतही तो असतो. चित्रणाच्या साधनांत एन्कोडर निवडतांना हा भाग निवडला कीं प्रोसेसरवरील भार पुष्कळच हलका होतो. साधारण किंमतीच्या संगणकावर चांगलें चित्रण होऊं लागलें त्याचें मुख्य श्रेय ह्या लेखनिकाला आहे.

चित्रणाच्या साधनांपैकीं १९९९ सालचें फ्रॅप्स एके काळीं फार प्रसिद्ध होतें. विंडोजमध्यें २०१५ पासून गेम बार नांवाची सोय असून साध्या गरजेस ती पुरते. परंतु आज सर्वांत अधिक नांव आहे तें ओ. बी. एस. ह्या साधनाचें. २०१२ सालीं निघालेलें हें साधन विनामूल्य आहे आणि त्याची रचना सर्वांना पाहाण्यास खुली आहे. अर्थात् उत्तम चित्रणाचा आरंभ द्रव्यानें नव्हे, समजुतीनें होतो.

त्या समजुतीचें पहिलें सूत्र असें कीं, संगणकाला थोडी उसंत ठेवावी. पुष्कळ खेळ मोकळे सोडले तर ग्राफिक्स कार्डाची सर्व शक्ति खाऊन टाकतात, मग ओ. बी. एस.ला चित्र जुळविण्यापुरतीही सवड मिळत नाहीं आणि चित्रण अडखळतें. म्हणून खेळाच्या फ्रेमची मर्यादा साठावर बांधावी, छाया-प्रकाशाची एखादी पायरी कमी करावी. दुसरें सूत्र असें कीं, झेपेल तेवढेंच घ्यावें. १,२८० बाय ७२० च्या चित्रांत पिक्सेल ९,२१,६०० म्हणजे निम्म्याहूनही कमी असतात. दुबळ्या संगणकावर मोठें पण ठेचकाळणारें चित्र घेण्यापेक्षां हें लहान पण अखंड चालणारें चित्र पाहाणाराच्या डोळ्यांस अधिक सुख देतें. तिसरें सूत्र म्हणजे खऱ्या सामन्यापूर्वीं दोन मिनिटांचें चित्रण करून तें पाहावें. सावेदादांच्या पिढीला आपलें चित्रण कसें झालें हें कळण्यास फिल्म धुवून येईपर्यंत वाट पाहावी लागे. आज तें त्याच क्षणीं कळतें, तरीही पाहाण्याचा आळस केल्यामुळेंच बहुतेक चित्रणें फुकट जातात.

नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत दोन गोष्टींचा विचार मोठ्या शहरांपेक्षां अधिक करावा लागतो. एक म्हणजे ऊन. तापीच्या खोऱ्यांत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. संगणक फार तापला म्हणजे आपला जीव वाचविण्यासाठीं आपला वेग स्वतःच कमी करतो, आणि सकाळीं निर्वेध चाललेलें चित्रण दुपारीं अडखळूं लागतें. मुलगा यंत्राला किंवा खेळाला दोष देतो. दोष असतो तो पंख्यांत साठलेल्या धुळीचा आणि भिंतीला चिकटून ठेवलेल्या पेटीचा. पेटीच्या मागें-पुढें हवेला वाट ठेवणें आणि धूळ झाडणें ह्याला खर्च पडत नाहीं.

दुसरी गोष्ट विजेची. चित्रण चालूं असतां लाईट गेली तर काय होतें? एम. पी. ४ ह्या प्रकारच्या फाईलमध्यें कोणती फ्रेम कोठें आहे ह्याची अनुक्रमणिका चित्रण संपल्यावर, अगदीं शेवटीं लिहिली जाते. मध्येंच वीज गेली म्हणजे तासाभराचें चित्र डिस्कवर असूनही तें उघडत नाहीं. पानें आहेत, पण तीं लावण्याची खूण नाहीं, अशी अवस्था होते. एम. के. व्ही. ह्या प्रकारांत नोंद जागच्या जागीं होत जाते, म्हणून वीज जाईपर्यंतचें चित्रण बहुधा सुखरूप राहातें. ह्यासाठीं चित्रण एम. के. व्ही.मध्यें करावें आणि संपल्यावर ओ. बी. एस.मधूनच त्याचें एम. पी. ४ करून घ्यावें. त्यांत दर्जा तिळभरही कमी होत नाहीं, कारण चित्र तेंच राहून केवळ वेष्टन बदलतें. २०२४ पासून ओ. बी. एस.मध्यें एम. पी. ४चाच असा एक प्रकार आला आहे कीं, त्यालाही हा धोका नाहीं. एका खुणेवर टिचकी मारण्याइतकी ही गोष्ट लहान आहे. परंतु तीवर तासाभराचे श्रम अवलंबून असतात.

ध्वनीकडे नवशिक्यांचें सर्वांत अधिक दुर्लक्ष होतें. अस्पष्ट चित्र लोक सहन करतात, अस्पष्ट वाणी करीत नाहींत. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित् बाजूस असावा. डोक्यावरील पंखा बंद ठेवतां येत नसेल तर त्याचा झोत मायक्रोफोनवर येऊं देऊं नये. खेळाचा आवाज आणि बोलणाराचा आवाज हे वेगळ्या ट्रॅकवर घ्यावेत. ओ. बी. एस.मध्यें असे सहा ट्रॅक ठेवतां येतात. मग तोफांच्या गडगडाटांत एखादें वाक्य बुडालें असेल तर नंतर तोफा हलक्या करतां येतात. दोन्ही आवाज एकत्र कालविले तर त्यांची फारकत करणें फार कठीण.

येथेंच घरच्या मंडळींचा संबंध येतो. मायक्रोफोनला खेळणारा आणि स्वयंपाकघर ह्यांतला भेद कळत नाहीं. घरांतील खाजगी बोलणें, कोणाचा फोन क्रमांक, कोणाच्या आजाराची चर्चा, हें सर्व चित्रणांत शिरतें. तसेंच संपूर्ण पडदा टिपावयास सांगितला तर मध्येंच आलेला निरोप, बँकेचा सांकेतिक आंकडा, पत्ता, हेंही टिपलें जातें. म्हणून संपूर्ण पडद्याऐवजीं केवळ खेळाची खिडकी टिपण्याची सोय वापरावी, आणि कोणतेंही चित्रण प्रसिद्ध करण्यापूर्वीं आरंभापासून शेवटपर्यंत एकदां पाहावें. मुलगा अल्पवयीन असेल तर हें पाहाणें वडीलधाऱ्यांच्या बरोबरीनें व्हावें. खेळ कोणता आहे हेंही पाहिलें पाहिजे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा आणि ई-स्पोर्ट्सला उत्तेजन देणारा कायदा संसदेनें २०२५ सालीं केला आहे.

जागेचा आणि प्रसिद्धीचा हिशेब शेवटीं पाहूं गेल्यास तो असा होतो. सेकंदास ४० मेगाबिट ह्या सढळ प्रमाणानें तासाचें चित्रण १८ गिगाबाइट होतें. डिस्कला हें सेकंदास केवळ पांच मेगाबाइट पडतें. म्हणजे संक्षेप झाल्यावर डिस्कचा वेग हा प्रश्न राहात नाहीं, जागा हा राहातो. हीच फाईल सेकंदास १० मेगाबिट वर चढविणाऱ्या जोडणीवरून पाठविण्यास चार तास लागतील. १२ मेगाबिटचें चित्रण ५.४ गिगाबाइटांत बसतें आणि सव्वा तासाच्या आंत चढतें. म्हणून घरीं सढळ चित्रण करावें, त्यांतील निवडक दहा मिनिटें कापून घ्यावींत व तीं पाठवावींत. ह्या निवडीनें तारेचा वेळ वांचतो तसा पाहाणाराचाही वांचतो. जुन्या पेन ड्राइव्हवर फाईल जात नसेल तर तो एफ. ए. टी. ३२ पद्धतीचा आहे काय तें पाहावें; त्या पद्धतींत चार गिगाबाइटांहून मोठी फाईल मावत नाहीं.

मूळ प्रश्न होता, ह्यांत विद्या आहे काय. वर सांगितलेल्या गोष्टींत गणित आहे, प्रकाश व ध्वनि ह्यांचें शास्त्र आहे, काटकसर आहे आणि दुसऱ्यानें पाहावें म्हणून आपलें काम तपासण्याची शिस्त आहे. ज्या साधनानें खेळ टिपतां येतो, त्याच साधनानें शिक्षकाला भूमितीचा धडा टिपतां येतो. आणि नंदुरबारच्या विद्यार्थ्याला तो अहिराणींत, पावरींत किंवा मावचींत समजावूनही देतां येतो. ह्या भाषा बोलणारीं मुलें आपल्या भाषेंत खेळाचें वर्णन करूं लागलीं, तर तेंही त्या भाषांच्या दृष्टीनें लहान काम नव्हे. उलट, केवळ झटपट प्रसिद्धीच्या आणि पैशाच्या आशेनें शाळा व झोप सोडून बसणें ह्याला विद्या म्हणतां येणार नाहीं. हा उद्योग हजारों करतात. त्यावर संसार चालविणारे थोडे असतात.

पण पैशापलीकडेही ह्या नोंदीचें एक मोल आहे. संगणकावरील खेळ चिरंजीव नसतात. ब्राउझरमध्यें चालणारे असंख्य लहान खेळ फ्लॅश ह्या साधनावर उभे होते. ३१ डिसेंबर २०२० रोजीं त्याचा आधार काढून घेतला गेला आणि एका पिढीनें शाळा सुटल्यावर सायबर कॅफेंत खेळलेले कित्येक खेळ नाहींसे झाले. कोणी त्यांचें चित्रण केलें असेल तर तेंच आज त्यांचा पुरावा. चित्रपटाचा अनुभवही निराळा नाहीं. भारतांत झालेल्या मूकपटांपैकीं बहुसंख्य कायमचे हरवले आहेत. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं स्थापन झालें तोंपर्यंत फार उशीर झाला होता. म्हणून चांगलें चित्रण करून भागत नाहीं. फाईलला तारीख व खेळाचें नांव द्यावें, तिची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि वर्षांतून एकदां ती उघडते कीं नाहीं हें पाहावें. टिपणें हें अर्धें काम आहे. जपणें हें उरलेलें अर्धें.